मेल्यावर हसायचं राहिलं

सोम. ३ फेब्रु.

आज मेलो. न्हावा शेव्याच्या अलीकडे एका कंटेनर यार्डात, भर दुपारी बाराला. वेब सिरीज, भाग सहावा. छातीत तीन गोळ्या, तोंडात ते गोडमिट्ट रक्त, डोळे उघडे ठेवून पडायचं. अडुसष्टाव्या वर्षी तापल्या डांबरावर पडणं म्हणजे चेष्टा नाही, पाठ भाजून निघाली. पहिल्याच टेकला ओके. पोरांनी टाळ्या वाजवल्या. "सर, काय मरता तुम्ही!" च्यायला, जन्मभर तेवढंच तर केलं. मारलं आणि मेलो.

मग लगेच पॅकअप. जागा एकपर्यंतच मिळाली होती.

हसायचं राहिलं.

आमच्या लाइनीत मेलेला नट शॉट ओके झाला की उठून कॅमेऱ्यात बघून हसतो. कॅमेरा त्यासाठी चालू ठेवतात. तो तुकडा पुढे कुठे लागत नाही, पण हसल्याशिवाय कोणी मेकअप उतरवत नसे, नाहीतर खोटं मरण अंगाला चिकटतं म्हणायचे. सेटवर नटाच्या फोटोला हार घातला तरी तेच. या नव्या पोरांना कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, म्हातारा टरकला म्हणतील. लोकांना घाबरवून पोट भरलं आणि आता स्वतः

गाडीतून कुंदाला फोन. चाळीस वर्षं बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला. "हसलात का?"

"हो, हसलो," म्हटलं.

या बाबतीत तिच्याशी पहिल्यांदाच खोटं.

बुध. ५

पाठीला कुं.ने तेल लावलं. लावता लावता पुन्हा तेच. "नीट हसलात ना? राक्षसाचं नाही ना? तुमचं?"

"हो गं बाई."

राक्षसाचं म्हणजे पडद्यावरचं. त्या हसण्यावर घर उभं राहिलं, नेरूळचा हा फ्लॅट त्याच्याच जिवावर. कोपरखैरण्याच्या बाजारात अजून एखादी आई पोराला माझ्याकडे बोट दाखवून गप्प करते. माझं स्वतःचं हसणं कसं, ते मला माहीत नाही. ते कुं.ला माहीत. लग्नाआधी सासरे नाटक बघायला आले होते. मी नायिकेला केसाला धरून फरफटवत होतो. सासरे म्हणाले, या जनावराला मुलगी द्यायची? कुं. विंगेत डोकावली होती. शेवटी मी मरून आत आलो आणि हसलो, ते तिने पाहिलं. घरी जाऊन म्हणाली, त्यालाच द्या.

आमचा एक तलवारबाज मित्र होता. एकदा मरणाचा शॉट देऊन घाईत न हसता घरी गेला. महिन्यात गेला बिचारा. त्याला आधीपासून साखर होती, पण कुं.ला ते कोण पटवणार.

रवि. ९

सकाळी बनियनवर पोहे खात बसलो होतो. बेल. कुं.ने दार उघडलं तर सोसायटीतल्या तिघीजणी, फिक्या साड्या, पडलेले चेहरे. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी कुं.ला मिठीच मारली. "धीर धरा हो." मग त्यांना मी दिसलो, चमचा तोंडाशी. अशी किंकाळी फोडली की चमचा सुटला हातातून.

झालं असं, की सिरीजमध्ये माझ्या हार घातलेल्या फोटोपुढे मुलगा शपथ घेतो. त्या फोटोचा कोणी सेटवर मोबाइलने फोटो काढला आणि दिला सोडून. खाली "भावपूर्ण श्रद्धांजली." तासाभरात सगळ्या ग्रुपवर. खारघरहून लेक धावत आली. अमृताने माझा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला, मी ठणठणीत आहे वगैरे. खाली लोक काय लिहितात? हल्ली कॉम्प्युटरवर मेलेल्यालाही बोलायला लावतात. एकाने लिहिलंय, डोळे बघा, जिवंत माणसाचे वाटत नाहीत.

हसण्यासारखीच गोष्ट. अ. पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

कुं. फोनवरचा तो फोटो बराच वेळ बघत होती. "याला हार घातला तेव्हा हसलात?"

"मी नव्हतोच त्या दिवशी सेटवर."

"मग फोटोत कोण आहे?"

मी तिच्या हातातून फोन काढून घेतला.

शुक्र. १४

दुपारी करावे गावाकडून खाडीपर्यंत फिरून आलो. फ्लेमिंगो आलेत, माणसं दुर्बिणी लावून उभी होती. परत आलो, बेल वाजवली. कुं.ने दार उघडलं आणि पदर सावरला.

"या ना, बसा."

ट्रेमधून पाणी आणलं. पाहुण्यांच्या ग्लासात. समोरच्या खुर्चीत अगदी कडेला बसली. "हे शूटिंगला गेलेत. येतीलच इतक्यात."

मला वाटलं, मस्करी. म्हटलं, "कुंदा, पुरे हां आता."

अशी चपापली! परक्याने नावाने हाक मारावी तशी. मग सांभाळून घेत म्हणाली, "तुम्ही यांच्या कंपनीतले का?"

ग्लास माझ्या हातात तसाच राहिला. पाचेक मिनिटांनी भांडी आवरायला उठली ती बडबडतच, "आलं टाकू का चहात?" पूर्वीसारखी. मी विचारलं, मगाशी काय झालं होतं? म्हणाली, कुठे काय?

शनि. १५

सकाळी पुन्हा. या वेळी तासभर. अ.ला बोलावलं, दवाखाना. डॉक्टर म्हणाल्या, सोडियम उतरलंय, या वयात होतं असं, माणूस भ्रमतो. सलाइन लावलं. जीव भांड्यात पडला. सोडियम म्हणजे मीठ. मीठ काय, पोतंभर आणतो म्हणालो. डॉक्टरीणबाई हसल्या.

मंगळ. १८

घरी आणली. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर खूश, अ. खूश.

कुं. सगळ्यांना ओळखते. अ.ला, जावयाला, कामाच्या भानूला. गॅसवाल्याचं नावसुद्धा आठवतं. फक्त मी नाही. माझ्यापुरतंच मीठ कमी पडलं म्हणायचं.

भानू करावे गावची, पंधरा वर्षं आमच्याकडे आहे. दबक्या आवाजात सांगत होती, "काका, काकी मना सांगते, त्यो मानूस बसलाय त्याला पानी दे. मी बोल्ली, काकाच हायत ते. तर बोल्ते, तसाच दिसतो गं, पन यांचा फोन नाय आला अजून."

तसाच दिसतो.

आरशात बघितलं. मीच आहे. पण जरा जास्तच वेळ बघितलं, नको होतं बघायला.

शनि. २२

आज धीर करून सांगून टाकलं. समोर बसलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी हसलो नव्हतो. तुझ्याशी खोटं बोललो. माझी चूक झाली."

शांतपणे ऐकलं तिने. मग डोळे भरले.

"म्हणजे हे गेले?"

"अगं, मी समोर बसलोय!"

"तुम्ही कळवायला आलात. कोणीतरी यायला हवंच होतं." डोळे पुसले. "पण हे स्वतः नाही म्हणाले मला. फोन येईपर्यंत मी नाही मानायची."

आणि मला वाढलं. आमटी, भात, कोशिंबीर. परक्यासारखं "अजून घ्या ना" म्हणून. चाळीस वर्षांत इतक्या मानाने तिने मला कधी वाढलं नव्हतं, आणि रडू येत होतं.

मंगळ. २५

डायरेक्टरकडे गेलो. म्हटलं, एक शॉट राहिलाय, त्याच जागी घ्यायचा. पोरगा चांगला आहे, नाही म्हणाला नाही. एक कॅमेरावाला दिला, दुपारी यार्डात गेलो.

जागा सापडेना. ज्या लाल कंटेनरपुढे मेलो तो बोटीवर चढून गेलेला. त्याच्या बाजूचेही गेलेले. तिथला सुपरवायझर म्हणाला, इथे काही आठवड्यावर राहत नाही साहेब. अंदाजाने उभा राहिलो. शर्टावर रक्त लावलं, आडवा झालो, उठलो.

"सर, रोलिंग."

तोंडातून राक्षसाचंच निघालं. तेच, खर्जातलं, पायरी पायरीने वर जाणारं. यार्डात घुमलं. ड्रायव्हर लोक टाळ्या वाजवायला लागले. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. पाच वेळा. दुसरं येतच नाही. शेवटी तर मी थांबलो तरी कंटेनरांच्या मधून ते थोडा वेळ चालूच होतं. प्रतिध्वनी असतो, लोखंडच सगळं. पण कॅमेरावाल्याने हेडफोन काढून मागे वळून बघितलं.

गुरु. २७

बाथरूमच्या आरशासमोर सराव. नटाला हसता येत नाही म्हणजे काय! गालाला हात लावून लावून बघितलं. हळू सुरुवात करायचो, मध्येच ते दुसरं वर यायचं.

बाहेर आलो तर कुं. खोलीत कडी लावून बसलेली. आतून भानूला फोन. मला ऐकू येत होतं. "लवकर ये. तो आत हसतोय."

दुपारचे तीन. लख्ख ऊन. खाली क्रिकेटचा आरडाओरडा. आणि माझी बायको मला भिऊन दाराआड. आयुष्यात एकाच माणसाला माझी भीती वाटली नव्हती.

शनि. १ मार्च

अ. उद्या पाचला येणार, कुं.ला खारघरला न्यायला. "थोडे दिवसच, बाबा. आई घाबरते तुम्हाला." रडत म्हणाली. बरोबर आहे तिचं. पण मला ठाऊक आहे, एकदा कुं. या घरातून माझ्याशिवाय गेली की मी तिच्यापुरता कायमचाच गेलो.

जाताना भानू म्हणाली, "काका, काकी फोनची वाट बघते ना? मंग करा ना एकदाचा. बिल्डिंगखाली जाऊन करा."

मी म्हटलं, "खोटं नाही बोलायचं आता."

"खोटा कशाला? हसा नि मंग करा."

सोपं आहे म्हणे.

रवि. २ मार्च

दुपारी सव्वातीन. वही घेऊन खाली बागेत आलो. भानूची सुट्टी. कुं. वर एकटी, सातव्या मजल्यावर. निघताना म्हणालो, येतो. "हो, या पुन्हा," म्हणाली.

बाकावर बसून जुन्या मरणांची उजळणी केली. कुठे कसा हसलो होतो? आठवत आठवत पहिल्या सिनेमाशी आलो. गावाबाहेर माळावर मरून पडलोय, हीरो माझ्या छातीवर पाय देऊन सुडाचं भाषण ठोकतोय. तेवढ्यात शूटिंग बघायला आलेल्या कोणाची तरी शेळी आली आणि माझी खोटी मिशी खायला लागली. मी मेलेला, हलता येत नाही. हीरोला भाषण सोडता येत नाही. शेळी अर्धी मिशी घेऊन गेली आणि डायरेक्टर ओरडतोय, बकरी को पकडो, कंटिन्यूटी है उसके मुंह में! पुढच्या शॉटला तीच मिशी हवी होती ना.

आणि आलं. पोटातून आलं, नाकातून पाणी, खोकला, सगळं. हेच ते. कसलं बावळट हसणं आहे माझं! झाडांना पाणी घालणारा माळी बघून हसायला लागला.

लगेच फोन लावला. "कुंदा, हसलो गं."

पलीकडे आधी बांगड्या किणकिणल्या. मग, "अहो! किती वाट बघायला लावलीत! जीव टांगणीला लागला होता माझा." रडत होती, हसत होती. माझी कुंदा. मीही रडलो.

"घरात कोण आहे?" विचारलं.

"कोणी नाही. एक गृहस्थ येऊन बसायचे, आत्ताच गेले. वाईट नव्हते बिचारे. पण सारखे माझ्याकडे बघत बसायचे. या लवकर."

"हा आलोच," म्हटलं. उठलो.

फोनमध्ये बेल वाजली. आमच्या दाराची.

"अगं बाई, आलात पण?"

"कुंदा, थांब. दार उघडू नको. मी खाली आहे."

तिने फोन ठेवला होता कुठेतरी, बंद नव्हता केला. कडीचा आवाज. मग तिचा आवाज, लांबून. "पाय धुवा आधी. केवढे काळवंडलात उन्हाने!" मग नळ. मग हसणं. बावळट, नाकातून, मध्ये खोकला.

फोन कट.

कुरिअरवाला असेल. कुरिअरवाल्याला पाय धुवा कोण म्हणतं? भ्रम असेल तिचा. मग हसणं मी कसं ऐकलं?

चार वाजून पाच. लिहितोय, लिहिलं की माणूस शुद्धीवर राहतो.

चार दहा. कुं. बाल्कनीत आली. टॉवेल झटकून वाळत घातला. मान वळवून आत कोणाशी तरी बोलत होती. इतकी खुशीत मी तिला महिन्याभरात पाहिली नाही. मग खाली बघितलं, मी दिसलो. लाजल्यासारखी झाली. हात केला आणि वरून ओरडून सांगितलं, "आले हो हे!"

मी हात वर केला. काय करणार.

माळी पाइप गुंडाळून गेला. पाचला अ. येईल. किल्ली माझ्या खिशात आहे, पण किल्लीने उघडून आत जायचा धीर होत नाही. बेल वाजवावी म्हणतो. दार कोण उघडेल