चरबीचे फुगे आणि मामीचा नवस

मु. चिकलठाणा, औरंगाबाद

तीर्थरूप त्रिंबकमामांच्या पायाशी भाचा कडुबाचा दंडवत.

मी इथं धडधाकट आहे. तिकडची मेंढरं, कोकरं, कुत्र्याचा लंगडा पाय आणि तुम्ही, सगळे याच क्रमानं खुशाल असाल (क्रम तुमचाच, मी लावलेला नाय). मामीच्या छातीतली गाठ दाखवायला तुम्ही तिला पिशोरहून माझ्याकडं पाठवलंत, त्याची हकीकत कळवायला उशीर झाला, कारण मधेच मला काम लागलं. वाळूजच्या कंपनीतलं सुटलं, कारण भोंगा वाजला की आत आणि भोंगा वाजला की बाहेर हे मेंढरांना जमतं, मला नाय. आता पाट्या रंगवतो. विद्यापीठाचं नाव बदललं, मामा! ज्या नावासाठी लोकांनी लाठ्या खाल्ल्या, घरं जळली, जीव गेले, ते नाव माझ्या ब्रशखाली आलं. ‘बाबासाहेब’ लिहिताना मी चप्पल काढून ठेवली (तिथून ती कुणीतरी नेली, पण वाईट वाटलं नाय).

रंग वाळेपर्यंत काय करायचं म्हणून एका वर्गाच्या खिडकीला टेकलो. आत सर सांगत होते की आता दवाई इतक्या बारीक फुग्यांत भरता येते की केसाच्या जाडीत ते शेकड्यानं मावतील. ते ज्या मापानं मोजतात त्याला नॅनोमीटर म्हणतात. गाठीतल्या रक्ताच्या रगा घाईनं बांधलेल्या असतात, आमच्या कॉलनीतल्या भिंतींसारख्या, जागोजाग फटी. फुगे त्या फटींतून गाठीत शिरतात आणि तिथंच फुटतात. चांगल्या रगांना फटी नसतात, म्हणून एरवी काळजाला इजा करणाऱ्या या जालीम दवाईपासून काळीज बरंचसं वाचतं. मी ऐकतच राहिलो आणि खाली पाटीचा रंग ओघळला, पण ते सोडा.

नेमकी हीच दवाई दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मामीसाठी सांगितली. नवीन आहे, चाचणी चालू आहे, दाम नाय. गाठ लहान आहे, वेळेवर आलात, हमी कुणीच देत नसतं पण आशा चांगली आहे, असं त्या म्हणाल्या. मामीनं मान डोलावली. इथं गप्प बसायचं, तर मला आमच्या वर्गातलं (खिडकीतलं) ज्ञान आठवलं. म्हटलं, “मामी, घाबरू नको, दवाई उघडी नाय, चरबीच्या फुग्यात गुंडाळून येती.”

मामी खाटेवरून खाली उतरली.

“कुणाची चरबी?”

मामा, तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या साली मेंढरं पटापट मरू लागली, तेव्हा तुम्ही दोघांनी बिरोबाला नवस बोलला, कळप वाचव, जन्मभर मांस-चरबी अंगात जाऊ देणार नाय. कळप वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, ही तोंडावाटे नाही, नसेतून जाते.” मामी म्हणाली, “नसेतून गेली म्हणून काय बाहेर ऱ्हाती का, बाई? जाती ती माझ्यातच की!” यावर बाई ‘उद्या विचारून सांगते’ म्हणून निघाल्या. शेजारच्या खाटेवरच्या द्वारकाबाईंनी तर “बराबर हाय” म्हणून माझ्यावरच डोळे वटारले.

दुसऱ्या दिवशी बाई दवाईची सगळी माहिती काढून आल्या. चरबी आहे ती सोयाबीनची. आणि फुगा घट्ट राहावा म्हणून दुसरा एक ओशट पदार्थ घालतात, तो कशातून काढतात? मेंढराच्या लोकरीतून! कातरलेली लोकर धुतली की जो चिकट ओशटपणा सुटतो ना, त्यातून.

“मेंढरू मारत्यात?” मामीनं विचारलं.

“नाही हो. कातरतात नि सोडतात.”

मामीनं आपले दोन्ही तळवे बाईंपुढं धरले. मग म्हणाली, “कातरणीला माझे हात कोपरापतूर त्यानंच माखत्यात. त्याच हातानं भाकरी खाल्ली. बिरोबा तवा कुठं रागावला?” आणि मला म्हणाली, “तुला काय कळतं रे, चरबी म्हणं चरबी! आपल्याच घरचं हाय ते.”

मामा, मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. एकूण सगळं छान चाललं आहे. काळजी नसावी.

आपला,
कडुबा

ता. क. – सगळं छान म्हणजे, दवाई अजून घेतलेली नाय. मामी म्हणते, नवस दोघांचा होता, तवा त्यांच्या तोंडून ‘व्हय’ आल्याबिगर सुई टोचू देणार नाय. सोमवारी नंबर आहे. मेंढरं शेजारच्या मोतीरामकडं सोपवा आणि रविवारची पहिली एसटी पकडा.

ता. क. २ – तिला रात्रभर झोप लागेना, म्हणून तुमचा ‘व्हय’ आला असं मी सांगून टाकलं आहे. ती तेव्हापासून घोरते आहे. तर मामा, आल्यावर दारातच ‘काय म्हणती तब्येत’ एवढंच विचारा, आणि मला मारायचं असेल तर बाहेर नेऊन मारा.