रविवारी मिस अर्लीनकडे

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥
लुइझियाना, अमेरिका
३० ऑक्टोबर १९७२

तीर्थस्वरूप अक्कास,
रेवणसिद्धचा शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुझ्या आणि मायच्या खुशालीच्या पत्राकडं डोळे लागलेत.

आपल्या साखर कारखान्यानं ज्या कामाला मला धाडलं ते सुरू झालं. इथला गळीत हंगाम लागला. दिवसभर उभा राहून पाक दाणा कधी धरतो ते शिकतो. जेवणाचे मात्र हाल होते. वसतिगृहात सगळ्या पदार्थांत मांस. मी पाव-दुधावर दिवस काढत होतो.

काल मात्र नवल घडलं. कारखान्यामागं काळ्या लोकांची वस्ती आहे, तिथं पत्र्याची एक खानावळ आहे. रविवारी चर्च सुटलं की लोक लेकराबाळांसह तिथंच जेवायला येतात. मालकिणीला सगळे मिस अर्लीन म्हणतात. मायच्याच वयाची, अंगानं भरलेली, आवाज मोठा. तळलेल्या कोंबडीला मी नको म्हटलं, तशी तिनं नुसत्या भाज्यांनी ताट भरलं. अक्का, ताटात चवळीची उसळ, भेंडी, मक्याची जाड भाकर आणि गळेपर्यंत शिजवलेला हिरवा पाला! मी भाकर भाजीच्या रश्श्यात कुस्करली. ती लांबून बघून हसली आणि म्हणाली की आमच्याकडंही असंच खातात, तू तर घरचाच निघालास. आता दर रविवारी तिथंच जाणार.

मायच्या पायांवर डोकं ठेवतो. माया पातळ होऊ देऊ नका.
तुझा रेवण

घाटनांदूर
२० नोव्हेंबर १९७२

चि. रेवणला अक्काचे भरभरून आशीर्वाद.

तुझं पत्र मायला कितीदा वाचून दाखवलं. चवळीचं आलं की ती थांबवती आन म्हणती, परत वाच. इकडं सांगण्यासारखं काय न्हाई. पाऊस गेला तो गेलाच. ज्वारी कमरंएवढी होऊन वाळली. सकाळी दुकान उघडते, संध्याकाळी लावते, मधी गिऱ्हाईक न्हाई. सोसायटीत रेशनचा लाल मिलो जोंधळा आलाय, तुमच्या अमेरिकेचाच म्हणत्यात. त्याची भाकर थापताना तुटती. माय म्हणती, लई जाडा होऊन येऊ नको, न्हाईतर पोरगी कोन देणार.

एक काम कर. त्या पाल्याला फोडणी कशाची देत्यात ते बाईंना इचार. नुसत्या पाल्याला एवढी चव कशी येती?

जिवाला जप. पत्राला येळ लावू नको.
तुझी अक्का

लुइझियाना
११ डिसेंबर १९७२

तीर्थस्वरूप अक्कास, रेवणचा शि. सा. नमस्कार.

तू सांगितलंस म्हणून विचारलं. मिस अर्लीनला इतका आनंद झाला, की हाताला धरून तिनं मला चुलीपाशी नेलं. पातेल्यात डाव घालून वर काढला, तर त्यात डुकराच्या पायाचं हाड. याच्याशिवाय चव नाही, चवळीतही हेच, आमच्या आजीची रीत, असं ती कौतुकानं सांगत होती. माझा हात गळ्यातल्या इष्टलिंगावर गेला. बाहेर जाऊन ओकलो.

ती मागोमाग आली. आपल्या धर्मात मांस शिवतही नाहीत हे मी सांगितलं, तशी ती पायरीवर बसूनच राहिली. लेकरा, आधी का बोलला नाहीस म्हणून रागावली. मग म्हणाली की पुढच्या रविवारी ये, तुझ्यासाठी बिनमांसाची भाजी वेगळ्या भांड्यात करते. मी हो म्हणालो, पण अजून पाऊल उचललेलं नाही. जाऊ का? तू म्हणशील तसं करीन. मायला यातलं काही कळू देऊ नकोस.

पोटात घाल, अक्का.
तुझा रेवण

घाटनांदूर
२ जानेवारी १९७३

चि. रेवणला आशीर्वाद.

पत्र वाचून चुलीत घातलं. न कळता खाल्लंस, त्यात तुझा दोष न्हाई. पर आता कळून गेलास तर हाय. भांडं वेगळं म्हणती, चूल वेगळी हाय का? डाव वेगळा हाय का? त्या दारात पाय ठिवू नको. सोमवार धर, इभूत लाव. पाव-दुधावर कोन मरत न्हाई. जाणार न्हाई म्हणून लिहून धाड, तवा मला झोप लागंल.

तुझ्या भल्याचंच सांगणारी,
अक्का

घाटनांदूर
१८ मार्च १९७३

चि. रेवणला अक्काचे आशीर्वाद.

तू जाणार न्हाई म्हणून लिहिलंस, तवा बरं वाटलतं. आता येगळंच लिहायचंय.

दुकान बंद केलं. मी आन माय तलावाच्या दुष्काळी कामाला जातो. तुला कळवणार नव्हते. परवा उन्हात माय टोपल्यासकट पडली. आमच्या घागरीत थेंब नव्हता, टँकर आला नव्हता. गावाबाहेरच्या वस्तीतल्या छबुबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्या हातचं आपण कधी पाणी घेतलं न्हाई. लेकरांसाठी आणलेलं आंबिलीचं गाडगं तिनं पुढं केलं आन आधी माझ्याकडं बघून इचारलं, पाजू का म्हणून. रेवण, माझ्या तोंडातून हो निघंना. मायनंच डोळे उघडले, गाडगं वढून घेतलं आन सगळी आंबील प्याली.

घरी आल्यावर मी तिला तुझं सगळं सांगितलं. वाटलं, रडंल. तर ती म्हणाली की त्या बाईनं परक्या लेकरासाठी वेगळी भाजी मांडली आन तू त्याला ताटावरून उठवलंस? दोन दिस झाले, माझ्याशी बोलत न्हाई.

तू जा. अक्कानं हात जोडलेत म्हणून त्या बाईला सांग.
अक्का

लुइझियाना
९ एप्रिल १९७३

तीर्थस्वरूप अक्कास, रेवणचा नमस्कार.

पत्र मिळाल्यावर पहिल्याच रविवारी गेलो. खानावळीला फळ्या ठोकल्या होत्या. शेजारच्या न्हाव्यानं मला बराच वेळ निरखलं आणि विचारलं, की बिनमांसाच्या भाजीचा पोरगा तूच का.

अक्का, ती दर रविवारी माझी भाजी करत होती. नवं पातेलं आणलं होतं, त्याला कुणाला हात लावू देत नव्हती. दार वाजलं की मान वर करायची. लोक चेष्टा करायचे. दुपार टळली की ती बेचव भाजी कुणी घेईना, मग स्वतःच खायची. मी आजारी पडलो असेन म्हणून एकदा वसतिगृहापर्यंत चालत आली होती. दारावरच्या माणसानं तिला आत सोडलं नाही, आणि मला सांगितलंही नाही.

फेब्रुवारीत तिच्या छातीत दुखू लागलं. मुलगा शिकागोला घेऊन गेला. तिकडंच ती गेली.

तू जोडलेले हात मी कुणाला दाखवू?
रेवण

घाटनांदूर
३० एप्रिल १९७३

चि. रेवणला अक्काचे आशीर्वाद.

तू मनाला लावून घेऊ नको. जाऊ नको म्हणणारी मी. मी एका शब्दानं इचारलं असतं, तर त्या बाईनं चूल बी वेगळी मांडली असती. काल छबुबाईच्या उंबऱ्यावर बसून च्या प्याले. ती लई हरखली. पर त्यानं तिकडचं काय भरून येत न्हाई.

माय आता कामाला येत न्हाई, अंथरुणावरच हाय. रोज एकच इचारती, रेवण त्या बाईकडं जेवला का. मी म्हणाले, जेवला, पोटभर जेवला. तवा हसली. आता पुढचं पत्र मायच्या नावानं घाल. बाईनं काय काय वाढलं, काय बोलली, किती आग्रह केला, सगळं लिही. मला ते मायला मोठ्यानं वाचून दाखवायचंय. मधी माझा आवाज अडकणार न्हाई, असं लिही.

माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.
तुझी अक्का