हार्लोच्या शाळेत सांगितलं ते

प्रिय दादा,

फोनच करणार होते. पण घरचा विषय निघाला की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, आणि या वेळी मला मध्येच थांबायचं नाहीये. म्हणून हे कागद. अक्षर वाईट आहे, पण शेवटपर्यंत वाच.

सध्या आमच्या शाळाभेटी चालू आहेत. शेतकी विद्यार्थी संघटनेचे आम्ही सहा राज्य पदाधिकारी कॉलेजला वर्षभर रामराम ठोकून, दोघादोघांच्या जोड्या करून, गावोगावच्या शाखांना भेटतोय. माझ्या जोडीला ड्यूई आमुंडसन आहे. घरच्या दीडशे मेंढ्या, आणि तोंडाला कुलूप नाही. परवा उणे तीस थंडीत मी काच खरवडत होते, तर गाडीत बसून म्हणतो, "मेंढी असतीस तर अंगावर लोकर तरी असती. नुसती पदाधिकारी होऊन काय मिळालं?"

तुला यातलं काही नवीन नाही. तू शाखेचा अध्यक्ष होतास तेव्हा असेच दोन पाहुणे यायचे, आणि मी बारा वर्षांची पोर दारातून त्यांची निळी कॉर्डरॉयची जॅकेटं बघत राहायचे. तू म्हणायचास, "दोन वर्षांनी मीसुद्धा असाच राज्यभर फिरणार." फिरतेय मात्र मी. निवड झाली त्या दिवशी तुझा "शाबास" एवढाच निरोप आला. तो अजून फोनमध्ये ठेवलाय. त्या रात्री मला आनंद काही झाला नाही.

मंगळवारी हार्लोला गेलो. कॅनडाच्या हद्दीला टेकलेलं गाव, शाळेच्या शाखेत सगळी मिळून अकरा मुलं. रेनफ्रो नावाच्या बाई शेती शिकवतात. आम्ही खेळ घेतले, मग मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं : मोठी स्वप्नं पाहा, पुढे या वगैरे. मागच्या बाकावरची जूनी केसल नावाची पोरगी हाताची घडी घालून बसली होती. पंधरा-सोळाची असेल. म्हणाली, "दरवर्षी कोणीतरी येतं, स्वप्नं पाहा म्हणतं, आमचं हॉटडिश जेवतं आणि जातं. तुम्हाला खरंच काही येतं का हो?" पोरं हसली. ड्यूईसुद्धा हसला, मेला.

बाईंनी सावरून घेतलं. म्हणाल्या, "आता आपण धान्याच्या कोठीच्या सुरक्षेचा धडा घेऊ. पाहुण्या करून दाखवतील." आणि माझ्यासमोर एक पारदर्शक प्लास्टिकची छोटी कोठी आणून ठेवली. आत गहू, गव्हावर बोटाएवढा माणूस उभा, खाली एक झडप. झडप ओढली की खालून गहू जातो आणि माणूस बुडतो. किती सेकंदांत, ते मुलांनी मोजायचं.

मला ती झडप ओढता येईना, दादा. ड्यूईने एक विनोद सुरू केला आणि माझ्या तोंडाकडे पाहून अर्ध्यातच सोडला. जूनी म्हणाली, "खेळणंच तर आहे." तेव्हा मी खाली बाकावर बसले आणि आपल्याबद्दल सांगायला लागले.

सांगितलं की आई गेल्यापासून आम्ही घरात तिघंच. ऑक्टोबर होता, पत्र्याच्या उंच कोठीतल्या गव्हाला वरून पापुद्रा धरला होता. सोरेनदादा गव्हाचे घट्ट गोळे फोडायला पहार घेऊन आत उतरला. बाबा त्याला "थांब, दोर आणतो" म्हणून शेडकडे गेले होते, पण दादा थांबला नाही. तेवढ्यात गहू न्यायला ट्रक आला, ड्रायव्हरने भोंगा वाजवला, खालून गहू बाहेर ओढणारी मोटर सुरू झाली आणि दादा छातीपर्यंत गव्हात गेला. बाबा धावत आले, त्यांनी मोटर बंद केली. शेजाऱ्यांनी करवतींनी कोठीचा पत्रा कापला. तीन तास लागले. दादा वाचला, डावा पाय मात्र कायमचा लंगडा झाला.

जूनीने विचारलं, "पण मोटर चालू कोणी केली?"

या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे. पोलिसांना, डॉक्टरांना, चर्चमध्ये, तुला, सगळ्यांना बाबांनी एकच सांगितलं. तेच माझ्याही ओठांवर आलं होतं. पण मी म्हणाले, "मी."

मीच केली, दादा. भोंगा ऐकला आणि मला वाटलं, बाबा येण्याआधी ट्रक भरायला लागला तर शाबासकी मिळेल. तू आत आहेस हे मला ठाऊक नव्हतं. हिरवं बटण दाबलं आणि तुझी किंकाळी ऐकली. शेजारी यायच्या आधी बाबांनी माझे खांदे धरले. म्हणाले, "बटणाला कुलूप लावणं माझं काम होतं. मी लावलं नाही. म्हणजे चालू मीच केलं. समजलं? तू एक शब्द बोलायचा नाहीस." मी बोलले नाही. तू दवाखान्यातून आलास, बाबांशी बोलणं टाकलंस, अठरा पूर्ण होताच डुलुथला निघून गेलास. मी खिडकीतून बघत होते, तरी बोलले नाही. सात वर्षं.

तास संपल्यावर जूनी माझ्यामागे गाडीपर्यंत आली. कोट नाही, काही नाही. म्हणाली, "आमच्या बटणालापण कुलूप नाही. गेल्या आठवड्यात मी एकटीच आत उतरले होते. आजोबांना माहीतसुद्धा नव्हतं." ड्यूई गाडीमागे गेला, सामानाच्या पेटीचं कुलूप काढून किल्लीसकट तिच्या हातावर ठेवलं. म्हणाला, "आत जाणाऱ्याने किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. आजोबा ओरडले तर सांग, राज्य पदाधिकाऱ्यांचा हुकूम आहे." ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदाच.

गाडीत मी पन्नास मैल रडले. ड्यूई पन्नास मैल गप्प बसला, हा त्याचा विक्रम असावा. आणि रडून झाल्यावर, खरं सांगते, मला भूक लागली. सात वर्षांत अशी भूक लागली नव्हती.

शनिवारी घरी आले. बाबा स्वयंपाकघरात बूट काढत होते. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मी सांगून टाकलं. हार्लोच्या शाळेत, सगळ्यांसमोर." वाटलं, रागावतील. ते एकच बूट हातात धरून बसले. मग म्हणाले, "किती जण होते?" म्हटलं, "अकरा मुलं, बाई आणि ड्यूई." म्हणाले, "तेरा. म्हणजे ज्याला सांगायचं तो सोडून सगळ्यांना." मग, माझ्याकडे न बघता, "मला वाटलं होतं, तुला वाचवतोय. तुझंही ओझं वाढवलं आणि पोरगाही गेला." आणि दादा, बाबांनी सुस्कारा सोडला. दिवसभर पोती वाहून शेवटचं पोतं टाकल्यावर सोडतात तसा. मग काढलेला बूट परत पायात घातला.

तर या पत्रात माफी मागायची म्हणून बसले होते, ती मागते. पण खरं कारण दुसरंच आहे. रागवायचंच असेल तर ते माझ्यावर रागव, हवं तेवढं, हवी तितकी वर्षं. बाबांच्या वाटणीचा राग मात्र आज परत घे. हे पत्र टपालाने आलेलं नाही, हे पाकीट पाहून कळलंच असेल. बाबांनी ते तुझ्या दाराखालून सरकवलंय आणि ते खाली रस्त्यावर गाडीत बसलेत. "वाचायला वेळ देतो त्याला," म्हणाले, "नाही बोलावलं तर परत येईन." साडेचार तास गाडी चालवून आलेत. वाटेत काही खाल्लं नसणार, खात नाहीत ते. त्यांना वर बोलाव.

तुझीच,
ब्रिटा