अंगठ्यास विनंती विशेष

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (उजवं पाऊल सध्या रजेवर आहे, तेव्हा हा नमस्कार साडेसात अंगांचा धरावा. उरलेलं अर्धं अंग कामावर रुजू झालं की पाठवून देईन.)

इकडे बाकी सर्व क्षेम. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन उत्तम झालं, टाके निघाले, डॉक्टर खूश आहेत आणि तरीही तू पलंगावरून पाय खाली ठेवायला तयार नाहीस, हे तुझ्या सुनेने मला फोनवर सांगितलं. पण मला सांगितल्याचं तुला कळू द्यायचं नाही अशी तिने शपथ घातली आहे, म्हणून मला यातलं काहीच ठाऊक नाही असं समजून पुढचं वाच. मी आपलं माझंच रडगाणं गातो.

झालं असं की, एका शाळेच्या लांबच लांब व्हरांड्यात फरशी बसवायचं काम घेतलं होतं. आमच्या धंद्यात सिमेंटचा माल एकदा कालवला की तो कुणाची वाट बघत नाही, आणि त्या दिवशी मी हौसेने जरा जास्तच कालवून ठेवला. मग काय, उकिडवा बसलो तो बसलोच. फरशी ठेवायची, रबरी हातोडीने ठोकायची, बसल्या बसल्याच मागे सरकायचं. जोडीदार म्हणत होता की मधे उठून पाय मोकळे कर; पण मी त्याला ऐकवलं की मी उभा असतो त्यापेक्षा जास्त आयुष्य उकिडवा काढलंय. जेवायची हाक आली तेव्हा उठलो. पायाला मुंग्या आल्यासारखं वाटलं, झटकला, निघालो. थोडं पुढे गेलो तर जोडीदार मागून सांगतो की तुझी एक चप्पल इथेच राहिली. परत जाऊन घातली. पुन्हा राहिली. खाली बघितलं तर पाऊल घोट्यापासून लोंबतंय, आणि मी वर उचल म्हणतोय तर ते ऐकलं न ऐकलंसं करतंय.

घरी पोचलो तो फटक फटक आवाज करत. पाऊल उचलत नाही म्हणून अख्खा गुडघाच वर घ्यायचा आणि मग पाऊल आपटायचं, अशी चिखलातल्या बगळ्यासारखी चाल झाली होती. आमच्या हिने आधी हसून घेतलं, मग माझा चेहरा पाहिला आणि पाण्याचं आधण ठेवलं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर धावत आले. पक्षाघातच असणार असं त्यांनी दारातूनच जाहीर केलं. मला शीळ घालायला लावली, माझं तोंड दोन्ही बाजूंनी तपासलं, आणि ते सरळच आहे हे पाहून बिचारे जरा हिरमुसले. (त्यांना चहा देऊनच पाठवावं लागलं.)

डॉक्टरांनी मात्र शांतपणे पाहिलं. एका इवल्याशा रबरी हातोडीने माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली ठोकलं. मी म्हटलं, एवढ्याशा हातोडीने फरशी पोकळ आहे की भरीव तेसुद्धा कळायचं नाही, माणसाचं काय कळणार. पण त्यांना कळलं. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, नडगीच्या शेजारी एक बारीक हाड असतं. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस खाली जाते, अगदी कातडीला लागून. पाऊल वर उचलायचा हुकूम तीच घेऊन जाते. मी सकाळभर उकिडवा बसून ती दाबून धरली होती. म्हणजे बघ ताई, एवढी महत्त्वाची वायर आणि ती कोपऱ्यावरून उघडी नेलेली. वर पाइप नाही, पट्टी नाही, काही नाही. आमच्या साइटवर असं काम कुणी केलं असतं तर मी ते उखडून काढायला लावलं असतं. तसं मी डॉक्टरांना सांगितलंही. ते म्हणाले की तक्रार कुठे करायची ते त्यांनाही ठाऊक नाही. नस तुटलेली नाही, बहुतेक सुधारेल, पण कधी आणि किती ते सांगता येत नाही. तोवर उकिडवं बसायला बंदी.

आता फरशीवाल्याला उकिडवं बसायला बंदी म्हणजे न्हाव्याला डोक्याला हात लावायला बंदी. दवाखान्यात मी तोंडाने बरेच विनोद केले, पण रिक्षात बसल्यावर मनात एकच हिशेब सुरू झाला. हात शाबूत, नजर शाबूत, आणि हे पाऊल उचललं नाही तर मी उद्यापासून कोण?

मग सुरू झाल्या व्यायामाच्या मॅडम. वयाने आमच्या धाकट्या लेकीएवढ्या, आवाज मात्र मुकादमाचा. त्यांचा व्यायाम काय, तर खुर्चीत बसायचं, पायाच्या अंगठ्याकडे बघायचं आणि त्याला मनातल्या मनात सांगायचं की बाबा रे, वर हो. बस. मी पहिल्यांदा हुकूम सोडला. मग समजूत काढली. मग अक्षरशः विनंती विशेष केली. अंगठा ढिम्म. घरी तर हा कार्यक्रमच होऊन बसला. संध्याकाळी मी खुर्चीत, समोर ही, बाजूला हेडमास्तर, आणि सगळे मिळून एका अंगठ्याकडे टक लावून. हिने तर मला बाजारात पाठवताना जो आवाज लावते तोच लावून पाहिला. (त्या आवाजाला माझा डावा पाय आपोआप उठून उभा राहिला.)

व्यायामाच्या हॉलमध्ये चालायचा सराव असतो. तिथे माझं पाऊल रोज एकाच जागी अडखळायचं. एक फरशी शेजारणीपेक्षा केसभर उंच बसवलेली. कुणाच्या डोळ्याला दिसायची नाही. पण तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चांगला धडधाकट माणूससुद्धा चालताना पाऊल जमिनीपासून जेमतेमच उचलतो, आणि तेवढ्यासाठी नडगीवरचा एक अख्खा स्नायू जन्मभर राबतो. त्याला कधी कुणी शाबासकी दिली नाही. मी तर तो आहे हेच आजवर ऐकलं नव्हतं. या विचारात मी भारावलो, पण ती फरशी काही मला बघवेना. मॅडमची पाठ वळलेली पाहून त्या फरशीची कड चाचपायला खाली बसलो. उकिडवा. आणि मग मला उठता येईना. मॅडमनी दोन पेशंटांच्या देखत मला उचललं आणि अशी खरडपट्टी काढली की दोन्ही पेशंट काठ्या विसरून सरळ उभे राहिले.

रागवून झाल्यावर त्या शेजारी बसल्या. मी त्यांना म्हटलं, अंगठा हलत नाही तर रोज येऊन उपयोग काय. त्या म्हणाल्या, "काका, हलवणं तुमच्याकडे नाहीच. हलवायचा प्रयत्न करणं तेवढं तुमच्याकडे आहे. तेवढं करा आणि घरी जा."

ताई, मी ते केलं. आणि काय सांगू, परवा सकाळी खुर्चीत बसलो असताना अंगठा हलला. फार नाही, पण हलला. ही रडली, हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. हातपाय गाळून बसलं नाही की सगळं होतं, एवढंच तुला सांगायचं होतं. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी काठी तू वापरत नसशील तर इकडे पाठवून दे. मला ती आखूड पडेल, पण हेडमास्तरांना चालेल.

ता. क. २ हिने पत्र वाचलं. शुद्धलेखन बरं आहे म्हणाली, पण शेवटचं खोटं आहे, ते ताईंना कळव म्हणाली. तर कळवतो. अंगठा हललेला नाही. ही रडली हे खरं, पण ते वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या कारणाने. लिहिता लिहिता वाटलं की तुला बरं वाटेल, आणि खरं सांगायचं तर मलाच वाटलं. मला भीती वाटते, ताई. माझ्या पायाची वाटते आणि तुझ्या पलंगाची त्याहून जास्त वाटते. तू अंथरूण धरलंस तर मी कुणाकडे बघून उठू?

ता. क. ३ ते खोटं मी खोडत नाही. रोज सकाळी खुर्चीत बसून अंगठ्याला सांगतो की तुझ्याबद्दल ताईला काय कळवलंय ते लक्षात ठेव. आता तू एक कर. उलट टपाली लिही की तू उठलीस आणि धरून धरून खिडकीपर्यंत गेलीस. खरं नसलं तरी चालेल, मी सुनेला विचारणार नाही. फक्त तुझ्या हाताने लिही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. एकदा तसं लिहिलंस की खिडकीपर्यंत गेल्याशिवाय तुला अन्न गोड लागायचं नाही.