देव, जुगारी आणि खालची खोली

२ एप्रिल

गुलाम! मला गुलाम आला!

नव्या घरात तीन खोल्या रिकाम्या आणि दावेदार तिघं — दादा, आत्या, मी. भांडण मिटेना. शेवटी बाबांनी राजा, राणी, गुलाम काढले, पिसले आणि एकेक वाटला. राजा दादाला — वरची, गच्चीला लागून. राणी आत्याला — मधली, पाण्याच्या पंपाशेजारची. मला गुलाम — खालची, रस्त्यापेक्षाही खाली. खिडकीतून फक्त लोकांच्या चपला दिसतात.

आई म्हणाली, "पदरी पडलं, पवित्र झालं."

पण गंमत म्हणजे ग्रीक देवांनीही असंच केलं होतं! तिघा भावांनी चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र, हेडीसला पाताळ. म्हणजे मी हेडीस. दादाला सांगितलं तर म्हणतो, "मग आजपासून मला देवा म्हण!"

५ एप्रिल

चित्रपट मंडळाच्या बाईंना माझ्या व्याख्यानाचा विषय पसंत — सिनेमातले पत्तेबाज आणि ग्रीक देव. "हे जमलं तर वर्षभर दर महिन्याचं व्याख्यान तुझं." घरात पदवी घेणारी मी पहिली. त्या पदवीचा उपयोग काय, असं आत्या येता-जाता विचारते. आता उत्तर मिळेल!

९ एप्रिल

दिवसभर जुने सिनेमे. हातातली पानं न बघताच सगळं पणाला लावणारा नायक — झ्यूस! चपळ बोटांचा, गोडबोल्या भिडू — हर्मीस, चोरांचा आणि नशिबाचा देव. आणि दिव्याच्या उजेडाबाहेर बसलेला अड्ड्याचा मालक. तो कधीच खेळत नाही, पण शेवटी सगळ्यांचं सगळं त्याच्याकडे येतं. हा माझा हेडीस.

लिहिलं — देव हरला तरी देवच राहतो. पत्तेबाज हरला तर संपतो, म्हणून त्याच्यासाठी आपला जीव वरखाली होतो. वाक्य जमलंय. स्वतःवरच खूश!

१० एप्रिल

खोली गार आहे. कुणी येत नाही. छान.

१४ एप्रिल

आज लबाडीचं प्रकरण. एकच दृश्य हळू करून पुन्हा पुन्हा पाहिलं. वाटणारा वरचं पान अंगठ्यानं किंचित मागे ओढतो आणि त्याच्या खालचं सरकवतो. वरचं राखून ठेवतो — ज्याला द्यायचं त्याच्यासाठी.

देवही हेच करतात. लाडकं माणूस शर्यतीत मागे पडलं की पुढच्याचा पाय घसरवतात! मी खरमरीत लिहिलं — पक्षपात करतो तो देव कसला?

१७ एप्रिल

सुट्टी. सगळे रमी खेळायला बसलो. आत्या सारखी हरत होती, रुसायच्या बेतात. बाबा पत्ते वाटायला लागले. माझी नजर सहज त्यांच्या अंगठ्याकडे गेली — तेच! अगदी तेच!

आत्याला जोकर. "बघा, फिरलं माझं नशीब!" बाबा शांतपणे चष्मा पुसत होते. गॅरेजमध्ये कामाला आहेत, तिथेच जेवणाच्या सुट्टीत शिकले असणार.

मग माझा गुलाम? तो तर सगळ्यात शेवटी वाटला होता.

बाबांनी मला मुद्दाम पाताळात ढकललं? फार राग आला.

१८ एप्रिल

आता डोकं चाललं. कपडे वाळत घालायला आई दादाच्या खोलीतूनच गच्चीवर जाते. पंपाचं बटण आत्याच्या खोलीत — तिथे अख्ख्या घराची ये-जा. निवांत लिहीत बसावं अशी घरात एकच खोली आहे.

कालपासून बाबांशी तुटक वागले. त्यांनी विचारलंसुद्धा नाही का म्हणून.

ते खरमरीत वाक्य खोडलं. त्या जागी काय लिहावं, सुचत नाही.

२१ एप्रिल

दादा वैतागलाय. "वर पत्रा तापतो गं, नुसती भट्टी! खोल्या पुन्हा वाटायच्या, रविवारी." आत्याही पंपाच्या घरघरीला कंटाळलेली. "चिठ्ठीत अन्याय नसतो, असं तूच सांगतेस ना?" म्हणाली.

व्याख्यान आठवड्यावर आलंय. अर्धंही झालेलं नाही. ही खोली गेली तर होणारही नाही! पण कुठल्या तोंडानं नाही म्हणू?

२४ एप्रिल

बाबा म्हणाले, "या वेळी तू वाट. तू शिकलेली, तुझ्यावर कोण संशय घेणार?" दादा-आत्यानं माना डोलावल्या.

मी तिन्ही पानं उचलली आणि बाबांच्या हातात दिली.

"तुम्हीच वाटा. मला शेवटचं चालेल."