उत्तरासाठी सोडलेली जागा

७ फेब्रुवारी १९९९
दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर कॅसेट डेक. तीन हेड साफ केली, एक बेल्ट बदलला. मालक सामंतकाका (यापुढे सा.का.) हौशी नाट्यमंडळाचे चिटणीसही आहेत. एकपात्री स्पर्धेत नाव देतेस का, म्हणाले. "तुझं मराठी फार छान आहे हो."
"तुमचंही," मी म्हटलं.
ते एवढे हसले की हातातली सोल्डरिंग गन खाली ठेवावी लागली. "हेच. हेच स्टेजवर कर."
नाव दिलं.

११ फेब्रुवारी
विषय घरातच आहे. अब्बा एकोणीस वर्षं दोह्याला क्रेन चालवून गेल्या वर्षी कायमचे परत आले. तिथे ते अरबांसाठी 'हिंदी' होते, इथे 'दोहावाले' झाले. रस्त्यात लोक खुशाली विचारतात आणि लगेच, "परत कधी जाणार?"
कुठलंही खोकं असो, अब्बा दोरीने आवळून चारी बाजूंना स्वतःचं नाव लिहितात. माळ्यावर टाकायचं असलं तरी. "विमानतळाच्या पट्ट्यावर कुठली बाजू वर येल सांगता येत नाय." माळ्यावर पट्टा नाही, हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही. स्टेजवर सांगणार आहे.

२० फेब्रुवारी
माळ्यावरचं खोकं काढलं. कॅसेटी. फोन नव्हता तेव्हा अब्बा पत्राऐवजी कॅसेट भरून गावी येणाऱ्या माणसाबरोबर धाडायचे. समोर बसल्यासारखे बोलायचे. प्रश्न विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे.
"रुबी, जेवलीस?" सहा सेकंद, मागे एसीची घरघर. "बरां. शाळेत काय शिकवलान?" नऊ सेकंद. "हुशार हाय माझी पोर."
सा.का.ना सांगितलं. "अगं, हे सोनं आहे."

२७ फेब्रुवारी
दोन डेक जोडून निवडक प्रश्न एका कॅसेटवर घेतले. मधल्या जागा आहेत तेवढ्याच ठेवल्या. तिथे मी स्टेजवरून उत्तर देणार.
अम्मा दारात. "त्यांना विचारलंस?"
"मजा वाटेल त्यांना."
"विचारलंस काय, ते विचारतंय मी."
हेडफोन लावला.

१४ मार्च
झालं. पहिला नंबर.
अब्बा तिसऱ्या रांगेत, अम्माशेजारी. इस्त्रीचा शर्ट, ईदचं अत्तर. सुरुवात अशी: "कुठले तुम्ही?" "राजिवड्याचे." "तसं नाही, मूळचे?" "राजिवड्याचेच." "त्याच्याही आधी?" "आईच्या पोटात." "आणि आई कुठे होती?" "राजिवड्यात." हॉल हसला. दोरीच्या खोक्याला जास्त हसला.
मग डेक. "रुबी, जेवलीस?" मी: "हो, तुम्ही पाठवलेलं शाम्पू सोडून सगळं." "अम्माला त्रास देतीस?" मी: "निम्मा तुमच्यासाठी ठेवलाय." शेवटचा प्रश्न: "मी आलो तर मना ओळखशील?" अकरा सेकंद. पहिले पाच मी जाऊ दिले. प्रेक्षक वाट बघतात. मग म्हटलं, "नाव चारी बाजूंना लिहून या."
टाळ्या थांबेनात. अब्बाही वाजवत होते. शेजारच्या अनोळखी माणसाकडे बघत, त्याच्याइतक्याच. तो थांबला तेव्हा थांबले.

१५ मार्च
सकाळी अब्बा: "कार्यक्रम चांगला झाला." मी चहा ओतायला गेले तर, "मला आणखी नको आहे." बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं शुद्ध.

२८ मार्च
बकरीद. माणसं येऊन गेली. परत कधी जाणार, हे दोघांनी विचारलं. एरवी अब्बा म्हणतात, "जीव जाईल तवाच आता." आज म्हणाले, "बघू."
हिशेब लागतो तो असा: दोन आठवड्यांत अब्बांनी मला एकही प्रश्न विचारलेला नाही. जेवलीस का, उशीर का झाला, काही नाही. स्वयंपाकघरात अम्माशी नेहमीसारखे बोलत होते. मी आत गेले आणि वाक्य अर्ध्यावर...

५ एप्रिल
सा.का.: देवरूखला प्रयोग ठरतोय. मी म्हटलं, कॅसेट वगळून करते.
"मग राहिलं काय त्यात?"
खरं आहे. नको म्हणून सांगितलं. घरी येऊन अब्बांनाही सांगितलं, बरं वाटेल म्हणून.
"माझ्यासाठी थांबू नका," म्हणाले.
मला. नका.

१२ एप्रिल
मूळ कॅसेट पुन्हा ऐकली. अकरा सेकंदांनंतर अब्बांचं वाक्य आहे: "नाय ओळखलंस तरी चालेल. मी ओळखीन." एडिट करताना नेमकं तिथेच कापलं होतं. पुढे ते आलं की हशा विरतो म्हणून.
आणखी एक. सात वर्षांची असताना मी त्या जागेत उत्तर दिलं होतं. डेकच्या जाळीला तोंड लावून. "हो." अब्बांना हे कोणी सांगितलेलं नाही. मला माहीत होतं आणि मी ती चारी बाजूंची ओळ लिहीत बसले.

२० एप्रिल
अब्बा परत जातायत. जुन्या ओळखीतून स्टोअरकीपरची जागा. वय छप्पन्न, एक गुडघा कामातून गेलेला. अम्मा भांडली, मग रडली. "रुबी, तू तरी बोल." मी म्हटलं, जाऊ नका. "तसं ठरलं आहे," म्हणाले.

२९ एप्रिल
खोकं बांधलं. मी दोरी धरली. "कात्री देऊ?" "असेल तर द्या." मार्कर काढून खोक्याकडे बघत राहिले. नाव एकाच बाजूला लिहिलं.

२ मे
गुरुवारी निघतील.
काल कोऱ्या कॅसेटवर भरलं. चार वेळा पुसून. त्यांच्याच पद्धतीने, जागा सोडून. "अब्बा, जेवलाव?" सहा. "गुडघा दुखतो?" नऊ. "मी चुकले. तुम्ही विचारलं होतंव तेव्हा मी हो म्हटलं होतं, लहानपणीच, डेकला. माझ्यावर रागावलाव?" अकरा. पुढे काही भरलं नाही. काय भरणार. कॅसेट त्यांच्या डेकमध्ये ठेवली.
आज उतरत्या दुपारी असरची नमाज झाल्यावर ते खोलीत गेले, दार लोटलं. बटण दाबल्याचा आवाज. मी पडवीत मल्टिमीटर घेऊन बसले, काहीही न मोजता.
पहिल्या जागेत शांत. दुसऱ्या जागेत शांत. तिसऱ्या जागेत आठव्या सेकंदाला खोकला. की दुसरं काही, इथून कळलं नाही.
मग रिवाइंडचा आवाज. तो मी झोपेतही ओळखीन. पुन्हा माझाच आवाज, "अब्बा, जेवलाव?"
एक. दोन. तीन.