वरचा सा कुणी लावला?

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. गुडघ्यांमुळे हल्ली खाली जाता येतं, वर येता येत नाही.) तुझी दाढ कशी आहे? इतक्यात काढू नकोस. दातांचे डॉक्टर एक दात म्हणून सुरुवात करतात आणि शेजारच्यावर डोळा ठेवून असतात. भावजींना नमस्कार सांग. ते आता रोज फिरायला जातात असं तू लिहिलंस. नक्की कुठवर जातात, एकदा पाहून ये.

तू विचारलंस की घुमी इतकी वर्षं माझ्याकडे गाणं शिकते आहे, तर तिचा आवाज कुठवर आला, की परत बोलावून घेऊ? तेच सांगायला बसले आहे, पण आधी माझ्यावर काय प्रसंग गुदरला ते ऐक. फोन मुद्दामच केला नाही. तुझी लेक पलीकडच्या खोलीत असते. (बोलत नाही म्हणून आपण तिला लहानपणापासून घुमी म्हणत आलो. पण जी बोलत नाही ती सगळा वेळ ऐकत असणार, हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.)

तर गेल्या महिन्यात इथल्या गायन संस्थेत माझी मैफल झाली. तिचं आवाजासकट, चित्रासकट, अगदी व्यावसायिक रेकॉर्डिंग करायचं असं संस्थेनं ठरवलं. माझ्यानंतर माझं गाणं म्हणून हेच राहील, असं चिटणीसांनी मला तोंडावर सांगितलं. (माझ्यानंतर! मी समोर चहा पीत असताना!) रेकॉर्डिंगवाला दुपारीच येऊन मंचभर वायरी पसरून बसला. त्यानं तबल्याला दोन माइक दिले, पेटीला दोन दिले आणि मला एक. गाणं कुणाचं आहे असं मी विचारलं, तर म्हणाला, गळा एकच असतो ना. बरं, एक माइक माझ्या मागे, घुमीच्या तानपुऱ्यासमोर. हा कशाला, तर तानपुऱ्याचा भरीवपणा यायला हवा म्हणे. मला तेव्हाच खटकलं होतं. कॅमेरेवाला तर आल्या आल्या माझ्या साडीच्या मागे लागला. बारीक रेघांची साडी पडद्यावर थरथरते, दुसरी नेसा. दुसरी नेसले, तर बांगड्या वाजतात. बांगड्या काढल्या, तर एसीची घरघर येते म्हणून एसी बंद केला. एसीनं आधीच मला गार करून सर्दी दिली होती, मग घाम दिला. कानांना दडे बसले ते वेगळेच. मग रेकॉर्डिंगवाला म्हणाला, काहीतरी गाऊन दाखवा. मी जीव ओतून आलाप केला. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. पडद्यावरच्या हिरव्या पट्ट्या खालीवर होत होत्या, त्यांच्याकडेच बघत बसला. आवाज कसा वाटला म्हणून विचारलं, तर म्हणाला, लेव्हल चांगली आहे. आयुष्यभराच्या रियाजाला मिळालेली ही दाद.

आता मुख्य गोष्ट, आणि ही फक्त तुला सांगते. बडा ख्याल नीट झाला. द्रुतमध्ये चढत चढत वरच्या सा वर जायचं होतं, जिथं लोक माझी वाट बघत असतात. हात वर गेला, मान वर गेली, आवाज गेलाच नाही. नुसता वारा. आणि त्याच क्षणी टाळ्या! मला वाटलं, लोक कीव करताहेत. मी खाली उतरून सम गाठली आणि उरलेलं गाणं कसंबसं रेटलं. घरी येऊन आमच्या ह्यांना विचारलं, तर हे म्हणाले, वरचा सा काय लागला होता! मी म्हटलं, संसारात कधी खोटं बोलला नाहीत ते आजच का? (बोललेत. पण तो विषय वेगळा.)

मग रेकॉर्डिंग घरी आलं. ऐकते तर काय, सा होता! चांगला लांब, ठाम, तुपासारखा. ताई, माझं डोकंच फिरलं. हल्ली बेसूर गाणाऱ्याला यंत्रानं सुरात आणतात, हे मी ऐकून होते. म्हणजे त्या हिरव्या पट्ट्यांवाल्यानं माझ्या गळ्यात परस्पर यंत्राचा सूर घातला होता, आणि माझ्यानंतर माझं गाणं म्हणून तेच राहणार! दुसरा संशय पेटीवाल्यांवर. ते माझ्या मागून इतक्या चिकटून सूर काढतात की माझा कुठला आणि त्यांचा कुठला हे त्यांच्या बायकोलासुद्धा सांगता यायचं नाही. मैफल झाल्यापासून मला चुकवत होते तेही आहेच.

तडक रेकॉर्डिंगवाल्याच्या स्टुडिओत गेले. चपला बाहेर काढायला लावतात, आत भिंतींना गाद्या लावल्यात आणि आपलाच आवाज आपल्याला परका वाटतो. मी सरळ म्हटलं, खरं काय ते सांगा. तर तोच माझ्यावर उखडला. म्हणाला, मी खोकलासुद्धा कापत नाही, सूर कशाला घालू? मी म्हटलं, चोर असंच म्हणतो. तेव्हा त्यानं हेडफोन माझ्या कानांवर जवळजवळ आदळला आणि म्हणाला, प्रत्येक माइक वेगळा रेकॉर्ड झालाय, एकेक उघडतो, तुमचं तुम्ही ऐका.

आधी माझा उघडला. माझा श्वास, मग वारा. दुसऱ्या माणसासमोर स्वतःचा वारा ऐकायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. मग पेटीचा. पेटीवाल्यांनी त्या जागेवर बोटं उचललेली, नुसतं दबक्या आवाजात ‘अरे देवा’. (म्हणून चुकवत होते!) मग त्यानं मागचा, तानपुऱ्याचा माइक उघडला, आणि त्यात मी होते. अगदी मी. गुडघे दुखायच्या आधीची, हिंमतवाली मी. मला हुंदका आला, आणि तरी मी त्याला विचारलं, मला माझ्या मागे कुणी नेऊन बसवलं?

त्यानं बाजूच्या कॅमेऱ्याचं चित्र लावून दिलं. घुमीचे डोळे माझ्या मानेवर, बोटं तारांवर, आणि माझा हात वर जायच्या आत तिचं तोंड उघडलेलं. मी मान वळवून खुणावल्याशिवाय मागून गायचं नाही, हा आपल्या घराचा नियम तिला मी पहिल्याच दिवशी सांगितला होता. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, अशा आणखी जागा आहेत, ऐकवू? मी म्हटलं, नको.

घरी येऊन तिला फैलावर घेतलं. न विचारता गुरूची जागा घेतलीस? ती खाली बघून म्हणाली, “मावशी, तुझी मान ताठ झाली की मला कळतं.” मी म्हटलं, पुढच्या मैफलीला मफलर गुंडाळून बसते, मग बघू. आणि आत जाऊन रडले. सर्दीच होती म्हणा थोडी.

पण ताई, रडून झाल्यावर मला खरी धास्ती बसली. या मुलीनं माझा आवाज इतका हुबेहूब उचललाय की कुणालाच फरक कळला नाही. ह्यांना नाही, श्रोत्यांना नाही, मलासुद्धा नाही. मग तिचा स्वतःचा आवाज कसा आहे? तू विचारलंस त्याचं उत्तर मला ठाऊकच नाही. मी कधी ऐकलेला नाही. मी तिला इतकी वर्षं मागेच बसवलं.

बाकी सर्व ठीक. दाढेचं कळव.

तुझी धाकटी

ता. क. घुमीला परत बोलावू नकोस. संस्थेनं माझी पुढची मैफल मागितली होती, मी तिचं नाव दिलंय. तिला अजून सांगितलेलं नाही, ते तू सांग. मी सांगितलं तर ती मानेनं हो म्हणेल आणि माझ्याच आवाजात गाऊन मोकळी होईल. तिला बजाव की चुकलीस तरी चालेल, पण स्वतःची चूक.

ता. क. आणखी एक. रेकॉर्डिंगवाल्यानं फोन करून विचारलं की त्या सा चं काय करायचं. मी म्हटलं, आहे तसा ठेव, पण तानपुऱ्यावर कोण बसलं होतं ते नाव माझ्या नावाएवढ्याच अक्षरांत आलं पाहिजे. तसं करतो म्हणाला. छापून आल्यावर मोजपट्टी लावून बघणार आहे.

ता. क. शेवटचं, आणि खरं तर यासाठीच एवढं लिहिलं. तिच्या मैफलीला तू यायचंच आहेस, पण पहिल्या रांगेत मधोमध बसू नकोस. कडेला बस, जिथून तिच्या मागे तानपुरा घेऊन बसलेली मी दिसेन. वरच्या सा जवळ ती अडखळली तर मी तोंड उघडणार नाही असं ठरवलंय. माझा माझ्यावर विश्वास नाही. माझे ओठ हलताना दिसले तर सरळ खोक.